एमजीचं उजवं दार

मोटार म्हणजे लोखंड, पत्रा आणि काच, एवढंच मी धरून चालले होते. भवानीपूरच्या आमच्या घरातल्या गाडीचं उजवं दार लागेनासं झालं, त्याचं कारण शोधता शोधता मी मेकॅनिककडून सुताराकडे जाऊन पोचले, आणि मग ती समजूत गेली.

गाडी एमजी टीडी, १९५२ सालची. दोन माणसांची, उघड्या छपराची, १२५० सीसीच्या इंजिनाची स्पोर्ट्स कार. दारांना काचा नाहीत. पाऊस आला तर कॅनव्हासचे पडदे लावायचे. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९४९च्या अखेरीपासून १९५३पर्यंत या मॉडेलच्या २९,६६४ गाड्या झाल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. आमची कोलकात्याला आली. इथल्या ज्यूट आणि चहाच्या कंपन्यांमधले इंग्रज अधिकारी मायदेशी परतत होते, त्यांच्यापैकी एकाकडून साठच्या दशकात माझ्या सासऱ्यांनी ती घेतली.

मी राजापूरकडची. लग्न होऊन कोलकात्यात आले, बंगाली शिकले, पण गाडीच्या कामात कधी पानासुद्धा हातात धरला नव्हता. धरावा लागला तो बाबांसाठी. सासऱ्यांना मी बाबाच म्हणते. त्यांचे गुडघे आता वाकत नाहीत. डाव्या दाराने आत शिरून, गिअरच्या दांड्यावरून पाय पलीकडे टाकून चालकाच्या जागेवर सरकणं त्यांना शक्य नाही. १९६८ साली सुरू झालेली ‘द स्टेट्समन’ची व्हिंटेज आणि क्लासिक गाड्यांची रॅली हा इथल्या हिवाळ्याचा मोठा सोहळा. त्यात पुन्हा एकदा स्टिअरिंगवर बसून जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. उजवं दार दुरुस्त होणार नसेल, तर गाडी असून नसल्यासारखी होती.

टीडीची दारं उलटी उघडतात. बिजागऱ्या मागच्या खांबावर आणि कुलूप पुढच्या कडेला. आमच्या दाराचं पुढचं टोक खाली उतरलं होतं. कुलपाची जीभ समोरच्या खाचेत न शिरता तिच्या खाली आपटायची. दार हाताने उचलून धरून ढकललं तर लागायचं. आणि लागलं की उघडताना खालचा कोपरा घासायचा. मी आधी याकडे गैरसोय म्हणून बघत होते. बाबांनी धोका समजावून सांगितला. आपल्या नेहमीच्या गाडीचं दार पुढच्या बाजूला जोडलेलं असतं. ते नीट लागलं नाही तरी चालत्या गाडीत वारा त्याला आतच दाबतो. मागे जोडलेलं दार निसटलं, तर तोच वारा ते सताड उघडतो. ‘अर्धवट लागलेल्या दाराने ही गाडी गल्लीबाहेर न्यायची नाही, बौमा,’ हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. बौमा म्हणजे सूनबाई.

पहिला सल्ला मिळाला तो ॲम्बेसिडरच्या अनुभवातून. इथून जवळच उत्तरपाड्याला, हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात ती गाडी २०१४पर्यंत बनत होती, आणि कोलकात्याच्या जुन्या मिस्त्रींचे हात तिच्यावरच घडले आहेत. ॲम्बेसिडरचं दार उतरलं की बिजागरीत लाकडाचा ठोकळा धरायचा, दार बेताने दाबायचं. बिजागरी किंचित वाकते आणि दार वर येतं. थोड्या वेळाचं काम. त्यातून या दोन गाड्या नात्यातल्या. ॲम्बेसिडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि एमजी ही अक्षरं मॉरिस गॅरेजेसची. दोन्हींच्या मुळाशी ऑक्सफर्डचा विल्यम मॉरिस. म्हणून गल्लीतल्या मिस्त्रींनी ठोकळा शोधायला सुरुवात केली होती. बाबांनी व्हरांड्यातून हात वर करून त्यांना थांबवलं. ‘ओर भेतोरे काठ,’ ते म्हणाले. आत लाकूड आहे.

हे मला पटायलाच वेळ लागला. टीडीची चासी पोलादी. पण तिच्यावर जी बॉडी बसते तिचा सांगाडा ॲश नावाच्या लाकडाचा, आणि आपल्याला दिसतो तो पत्रा त्या सांगाड्यावर बारीक खिळ्यांनी ठोकलेला, कडा आत दुमडलेल्या. पुढचा खांब, मागचा खांब, दोन्हींना तळाशी जोडणारी लांब पट्टी, दाराची स्वतःची चौकट, सगळं लाकूड. घोडागाड्या बनवणाऱ्यांची ही पद्धत मोटारींनी उचलली आणि एमजीने ती १९५०च्या दशकातही चालू ठेवली. बिजागरी लाकडाच्या खांबावर असताना ठोकळा घालून दार दाबलं, तर लोखंड वाकण्याआधी खांबातले स्क्रू उपटून येतात. ॲम्बेसिडरला जो इलाज लागू पडतो, तो हिला मोडून टाकतो.

मग सुतार शोधणं आलं. कोलकात्यात अजून काही काळ तरी हे शक्य आहे, कारण इथल्या निळ्या-पिवळ्या खासगी बसगाड्यांच्या बॉडीत वर्षानुवर्षं लाकूड वापरलं गेलं. पंधरा वर्षांपेक्षा जुनी व्यावसायिक वाहनं हटवण्याचा आदेश कलकत्ता उच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. शहराच्या हवेसाठी तो आवश्यकच होता. पण त्या बसगाड्यांबरोबर मोटारीत लाकूड कसं बसवायचं हे जाणणारे हातही कमी होत चालले आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आम्हाला भेटलेले कारागीर अशाच बस-बॉडीच्या कामात म्हातारे झालेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणू लागले.

चाचांनी हत्यारं बाहेरच काढली नाहीत. गाडी आधी सपाट फरशीवर, चारही चाकांवर उभी करायला लावली आणि टायरमधली हवा सारखी करून घेतली. जॅकवर उचललेल्या गाडीच्या दाराची फट मोजायची नाही, कारण चासी थोडी पिळते आणि माप खोटं येतं. मग त्यांनी दार अर्धं उघडलं, माझा अंगठा वरच्या बिजागरीवर ठेवला, आणि दाराचं पुढचं टोक हलकेच वर-खाली केलं. काय हलतंय ते सांग, म्हणाले.

या एका तपासणीत सगळं निदान आहे, म्हणून ती नीट सांगते. हलण्याच्या जागा तीन. बिजागरीची खीळ तिच्या भोकात डुगडुगत असेल, तर खीळ झिजली, ती बदलायची. खीळ घट्ट आहे पण बिजागरीचं पान खांबावर सरकतंय, तर स्क्रूंनी लाकडातली पकड सोडली. भोकं बुजवून पुन्हा पाडायची. आणि खीळ घट्ट, पानही घट्ट, तरीसुद्धा दार हलतंय, तर खांबच हलतो आहे. मी अंगठा दाबून धरला. बिजागरी आणि खांब यांच्यात काही हलत नव्हतं. दोन्ही मिळून एकत्र झुकत होते. ‘दरवाज़ा ठीक है बेटी, खंभा हिल रहा है,’ चाचा म्हणाले. दाराच्या कडेला त्यांनी खडू घासला आणि दार एकदा लावून उघडलं. जिथे पांढरं उमटलं ती घासण्याची जागा. ती त्यांनी फक्त वहीत लिहून घ्यायला सांगितली. तिथे कानस लावू दिली नाही.

खांबाचा पाय बघायचा तर आतली गादी, अस्तर, तळाच्या प्लायवुडच्या फळ्या काढायला हव्यात. इथे पान्यांचा घोळ सुरू झाला. घरातला एकही पाना बोल्टावर बसेना. मिलिमीटरचे नाहीत, इंचांचेही नाहीत. या गाडीच्या बोल्टांची डोकी व्हिटवर्थ मापाची. व्हिटवर्थ पान्यावर लिहिलेला आकडा बोल्टाच्या डोक्याचा नसतो, दांड्याच्या जाडीचा असतो; म्हणून पाव इंच लिहिलेला पाना आकड्यावरून वाटतो त्याहून खूप मोठा. त्यातून इंजिनाच्या बोल्टांचे आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थ, असा प्रकार. जुने व्हिटवर्थ पाने मल्लिकबाजारात मिळाले. पार्क स्ट्रीट जिथे आचार्य जगदीशचंद्र बोस रोडला मिळतो, तिथला हा जुन्या सुट्या भागांचा बाजार. दुकानदाराने माझ्याकडे न बघता फक्त गाडीचं नाव विचारलं आणि तेलकट ढिगातून नेमके पाने वेचून दिले. तिथे मी बराच वेळ रेंगाळले. इतक्या गाड्यांची इतकी ओळख एका माणसाच्या बोटांत असू शकते, याचं मला आजही नवल वाटतं.

तळ उघडल्यावर खांबाच्या पायाशी पेचकस टेकवला, तो जोर न लावता आत गेला. तळपट्टी पुढे ठणठणीत होती. खांबापाशी मात्र तिचा काळपट भुगा झाला होता. पत्र्यावरचा रंग बाहेरून शाबूत, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. ॲश हे चिवट, लवचीक लाकूड. हादरे सोसतं, म्हणून हत्यारांचे दांडे आणि वल्ही त्याची करतात, आणि म्हणूनच ते खडबडीत रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत आलं. पण ओलीपुढे ते टिकत नाही. कोलकात्यात वर्षाला सोळाशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हवा ओलीच असते. उघड्या गाडीत शिरलेलं पाणी दाराच्या उंबऱ्याशी साठतं, पत्र्याच्या दुमडीत अडकतं, आणि लाकूड ते पीत राहतं.

आम्ही हे सगळं करत होतो ते श्रावणात, आणि त्यामुळे दुसरा प्रश्न उभा राहिला. डाव्या बाजूचं लाकूड चांगलं होतं, तरी तेही दार पावसाळ्यात जड लागायचं. हे मला कुणी समजावण्याची गरज नव्हती. राजापूरच्या घराची दारं आषाढात फुगायची, पण आजोबा त्यांना पावसात रंधा लावू देत नसत, कारण पावसात तासलेलं दार वैशाखात फट सोडतं. गाडीचं दार अगदी तसंच वागत होतं. फरक एवढाच की इथे लाकडावर पत्रा आहे. लाकूड फुगलं की पत्र्यासकट फुगतं, आणि कानस मारली तर जातो तो पत्रा आणि रंग. लाकूड तसंच राहतं. चाचांनी खडूच्या खुणेवर हात चालवू दिला नव्हता, त्याचं कारण मला तेव्हा उमगलं.

कुजलेल्या पट्टीच्या जागी काय घालायचं यावर घरात मोठा वाद झाला. एका ओळखीच्या वेल्डरने लोखंडी अँगल बसवून देतो म्हणून सांगितलं. स्वस्त आणि कायमचं. मी त्याला साफ विरोध केला आणि आजही करीन. लवचीक लाकडाच्या सांगाड्यात मधेच ताठ लोखंड घातलं की सगळा पीळ त्याच्या दोन टोकांवर येतो आणि तिथलं चांगलं लाकूड तडकतं. शिवाय २०२१च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटून गेलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, पण चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. जुनी वस्तू जुन्याच पद्धतीने दुरुस्त व्हावी, यासाठी मला नियमाची गरज नव्हती. पण तो आहे हे बरंच.

बाबांचा आग्रह ॲशचा, चाचांचा सागाचा. दोघांचंही म्हणणं खरं. शेवटी खांब ॲशचा केला, कारण दाराचे हादरे तोच खातो आणि स्क्रूची पकड त्याच्यावर आहे; फर्निचरसाठी परदेशातून येणारं ॲश इथे मिळतं. तळपट्टीचा सडलेला भाग मात्र सागाचा, कारण पाणी तिथेच साठतं. तो साग निमतल्ल्याच्या वखारींमध्ये शोधला. उत्तर कोलकात्यातले जुने वाडे पाडले जातात, तेव्हा त्यांच्या खिडक्यांच्या चौकटींचा बर्मी साग विक्रीला येतो. घर पडल्याचं दुःख वेगळं, पण इतक्या वर्षांचं मुरलेलं लाकूड आता आकार बदलत नाही, आणि अशा कामाला तेच हवं.

काम करताना क्रम पाळावा लागतो, आणि तो मला फार आवडला. आधी दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण सुतळीने मोजून लिहून ठेवले. मग पुढच्या आणि मागच्या खांबांत एक आडवी फळी क्लॅम्पने आवळली. हे न करता तळपट्टी कापली तर दोन खांब आपापल्या मर्जीने झुकतात आणि मूळ माप कायमचं हरवतं. पत्र्याची दुमड पटाशीने अलगद उघडली, गंजलेले खिळे एकेक करून काढले. सडका भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापला. जोड सरळ न घेता लांब तिरपा घेतला, म्हणजे डिंकाला जागा भरपूर मिळते. सागाला अंगचं तेल असतं, म्हणून जोडाआधी ती बाजू थिनरने पुसली; नाही तर काही चिकटत नाही. डिंकही नेहमीचा पांढरा नाही, पाण्याला दाद न देणारा इपॉक्सी. जुना तुकडा चाचांनी फेकू दिला नाही. भुगा झालेला असला, तरी स्क्रूंच्या जागा त्याच्यावरच होत्या.

मधे १७ सप्टेंबर आला, विश्वकर्मा पूजा. त्या दिवशी कोलकात्यात कुठल्याही गॅरेजात हत्याराला हात लागत नाही. ती धुऊन, झेंडू वाहून मूर्तीपुढे मांडतात, आणि आकाशभर पतंग असतात. आमचे व्हिटवर्थ पानेही पूजेत ठेवले होते. आपल्याकडे दसऱ्याला शस्त्रपूजा होते तशीच ही पूजा, पण इथे तिचा मान कामगाराचा आहे. ज्याच्या हातात काम आहे, त्या माणसाचा हा सण. मला तो आपला वाटला.

खांब बसला, बिजागऱ्या नव्या स्क्रूंनी आवळल्या, तरी दाराचं टोक अजून थोडं खालीच होतं. आता शेवटची किल्ली चासीपाशी. बॉडी चासीवर बोल्टांनी बसवलेली असते आणि मधे पॅकिंगचे तुकडे असतात. मागच्या खांबाच्या जरा पुढे, बॉडीखाली एक पातळ तुकडा वाढवला की खांब किंचित मागे झुकतो आणि दाराचं पुढचं टोक वर येतं. खाली दोन-तीन मिलिमीटर बदलले, की दाराच्या टोकाला त्याहून जास्त फरक दिसतो. बोल्ट सैल करायचा, तुकडा सारायचा, आवळायचा, गाडी थोडी पुढे-मागे ढकलून पुन्हा चाकांवर बसू द्यायची, मगच बघायचं. बाबा खुर्चीत बसून फटीकडे डोळा लावून होते. वरची फट आणि खालची फट सारखी दिसल्यावर त्यांनी हात वर केला.

कुलपाला आम्ही हात लावला तो सगळ्यात शेवटी. लोक सुरुवात तिथूनच करतात, खाच कानशीने वाढवतात, आणि दार लागतंसं वाटतं. पण खांब कुजतच राहतो. दाराच्या कडेला धातूची एक पाचर असते. ती पुढच्या खांबावरच्या खाचेत बसते आणि बंद दाराचा भार पेलते. टोक वर आल्यावर ती आपोआप जागेवर बसली, आणि कुलपाची जीभही.

रंधा आम्ही पौषात मारला. पावसाचं पाणी लाकडातून निघून गेल्यावर खडूची खूण एकाच कोपऱ्यात उरली होती, तेवढीच जागा दाराच्या आतल्या लाकडी कडेवर घासली. पत्रा तसाच राहिला. दुमडीत पाणी साठू नये म्हणून तळाशी निचऱ्याची वाट मोकळी केली आणि उघड्या लाकडाला जवसाचं तेल पाजलं. बाबा उजव्या दाराने आत बसले आणि दार आपल्या हाताने ओढून घेतलं.

मुंबई, कोकण, गोवा, तिथेही हवा ओलीच असते आणि तिथल्या घरांतून अशा लाकडी सांगाड्याच्या गाड्या आजही आहेत. ज्यांच्या घरी ती असेल त्यांना माझी विनंती आहे: दार अडकलं म्हणून बिजागरी किंवा कुलूप मागवायची घाई करू नका. गाडी चाकांवर उभी करा, बिजागरीवर अंगठा ठेवा, कुणाला तरी दाराचं टोक हलवायला सांगा. खांब हलत असेल तर तळाची फळी काढून पेचकस टेकवून बघा, आणि लाकडाचं काम जाणणारा म्हातारा कारागीर अजून भेटतो आहे तोवर त्याच्याकडे जा. लाकूड कापायचं काम पावसाळ्यात सुरू केलं तरी चालेल. रंधा मात्र थंडीतच मारा.